पाळण्याखालची जागा

माझ्या भाचीला माझ्याआधी कुत्र्यानं पाहिलं. पाहिलं काय, हुंगलं, चाटलं आणि तिच्या पाळण्याखाली आपली जागाही धरली. मी तिची सख्खी आत्या, एकुलती एक. मला मोबाइलवर फोटो आला.

फोटोत पोट्टी गादीवर झोपलेली आणि तिच्या तळपायाला नाक लावून भुऱ्या बसलेला. खाली माझ्या भावानं, नितेशनं लिहिलं होतं, 'भुऱ्यादादा आणि त्याची बहीण.' घरच्या ग्रुपवर धडाधड अंगठे पडले. चुलतभावाची बायको म्हणे, किती गोड. अंजनगावच्या मामीनं लिहिलं, केस जातील हो लेकराच्या नाकात. कोणी हसले, कोणी हात जोडले. मी काहीच लिहिलं नाही. एका नवरीच्या ब्लाउजला हुक लावत बसले होते, सुई बोटात गेली. दादा म्हणे! माझा शिवम तिचा सख्खा आतेभाऊ, पुण्यात नोकरीला आहे, त्याला कोणी दादा केलं नाही.

भुऱ्या काही विलायती जातीचा वगैरे नाही. बाबा गेल्यावर आईला घर खायला उठायचं, तेव्हा तिनं अमरावतीच्या कठोरा रोडवरच्या नालीतून हे पिल्लू उचलून आणलं. पुढं आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा तिच्या खाटेखाली. मी अकोल्याहून शनिवारी यायची, रविवारी परत जायची, आणि दर शनिवारी हा माझ्यावर गुरगुरायचा. माझ्या आईच्या खाटेजवळ जायला मला त्याची परवानगी लागायची. आई हसायची. म्हणायची, "त्याले काय माईत व, तू कोन आहे ते." ते मला तेव्हाही लागलं होतं.

तर आमचं दोघांचं जुनं वाकडं.

प्रणालीला, म्हणजे माझ्या भावजयीला दिवस गेले तेव्हाच मी मनात ठरवून ठेवलं होतं. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे बाळंतपण अमरावतीतच होणार. मग बाळंतिणीजवळ कोण राहणार? मीच की. आमचे हे, देवानंदराव, जिनिंगमध्ये. कापूस सुरू झाला की त्यांना घर आठवत नाही. शिवम पुण्यात. मशीनवर कव्हर टाकायचं आणि निघायचं, एवढंच माझं काम. फक्त एक फोन यायला हवा होता. 'ताई, ये.'

तो आला नाही. नितेशनं पंपाचं दुकान कामावरच्या पोरावर सोडलं आणि स्वतः घरी बसला. डिंकाचे लाडू कोणाकडून तरी विकत आणले. मीही विचारलं नाही. न बोलावता माहेरी जायचं नाही, हे आमच्या आईनंच शिकवलेलं. मी फक्त एक दुपटं शिवून पाठवलं. लेकराच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत, घरातल्या जुन्या माणसाचं वापरलेलं लावतात. आई गेल्यापासून तिचं एक सुती लुगडं माझ्या पेटीत होतं, वास जाईल म्हणून मी ते धुतलंही नव्हतं. त्याचे चार पदर करून टाके घातले आणि दवाखान्यात पोचतं केलं.

सव्वा महिन्यानं बारसं ठरलं आणि फोन आला. बारशाला आत्या लागतेच. आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय नाव पडत नाही. मी दोन दिवस आधी गेले, एसटीनं, दोन पिशव्या घेऊन.

दारातच प्रणालीनं डेटॉलची बाटली पुढं केली. "ताई, आधी हात. अन् पापी नको हं, डॉक्टरांनी सांगितलं आहे. बाहेरून आलेल्या कोणालाच घेऊ देत नाही आम्ही."

बाहेरून आलेल्या! मी हात चोळले. तेवढ्यात गॅलरीतून भुऱ्या आला, सरळ पाळण्यात तोंड घातलं आणि पोरीचा पाय सपकन चाटला. पाळणा कसला, जमिनीपासून हातभर उंचीचं लाकडी झुलतं, म्हणजे कुत्र्याला सोयीचं.

"त्यानं धुतले काय हात?" मी विचारलं.

प्रणाली हसली. बँकेतली पोरगी, हसून उत्तर द्यायची सवय. "त्याच्या सगळ्या लसी झाल्या आहेत, ताई."

"मायाही झाल्या. लहानपनीच."

नितेश पण हसला. मी विनोद केला नव्हता.

मग दोघांनी मला सगळं समजावून सांगितलं, मी परीक्षेला बसले असल्यासारखं. मोबाइलवर कुण्या डॉक्टरणीचे व्हिडिओ पाहिले होते म्हणे. लेकरू घरी आणायच्या आधी त्याच्या अंगाचं कापड आणून कुत्र्याला हुंगवायचं, म्हणजे कुत्रा त्याला घरचं समजतो. लेकरू आलं की कुत्र्याला हाकलायचं नाही, जवळ बसू द्यायचं. लेकरू पालथं घालायचं ते कुत्र्याच्या समोर, म्हणजे ते मान उचलून पाहते. पोरगी झोपत नसली की भुऱ्या पाळण्याखाली बसून शेपूट आपटतो, धप धप, आणि ती झोपते. मी म्हटलं, अंगाई कोणी म्हणत नाही का या घरात?

"कोनतं कापड हुंगवलं?" मी सहज विचारलं.

नितेशनं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं भुऱ्याचं अंथरूण होतं. अंथरुणावर माझं दुपटं होतं. आईच्या लुगड्याची जांभळी किनार मला लांबूनच दिसली. त्यावर कुत्र्याचे केस.

"ते मी शिवलेलं आहे," मी म्हटलं.

"हो न ताई," नितेश म्हणाला. "बाकी सारे कपडे नवे होते. हेच जुनं होतं, म्हनून..."

"जुनं? अरे बाप्पा, आईचं लुगडं होतं ते!"

त्यानं किनार पाहिली, आणि त्याचा चेहरा पडला. त्याला खरंच कळलं नव्हतं. पुरुषांना आईचं लुगडं आईच्या अंगावरच ओळखू येतं. प्रणाली हळूच म्हणाली, "बाळ पहिले दोन दिवस त्यावरच झोपलं होतं, ताई. घरी आणलं तर भुऱ्या त्यावरून उठेच ना. जेवला पण नाही. म्हणून मग आम्ही ते त्यालाच राहू दिलं."

तेवढ्यात भुऱ्या कोपऱ्यात गेला, दुपट्यात नाक खुपसून पडला. त्याला पोरीचा वास येत असेल की आईचा? माझ्या मनात आलं आणि अंगाचा जाळ झाला. आईचा वासही त्यानंच घ्यायचा, पोरीचाही त्यानंच. मी काय डेटॉल हुंगायचं?

दुसऱ्या दिवशी प्रणाली अंघोळीला निघाली. मी पाळण्याशेजारी खुर्चीत बसले होते. चांगली सहा वारी नेसलेली, दोन पायांची, जिवंत बाई. ती माझ्यासमोरून गेली आणि जाता जाता म्हणाली, "भुऱ्या, लक्ष ठेव रे."

मी म्हटलं, लक्ष तर मी ठेवते आता. पोरगी चुळबुळली तशी मी तिला उचलून मांडीवर घेतलं. गोरीगोमटी, कपाळ थेट आईसारखं. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढले आणि असा टाहो फोडला की बाजूच्या सुंदराबाई धावत आल्या. भुऱ्या उठून न्हाणीच्या दारावर पंजे मारू लागला. प्रणाली ओल्या केसांनी बाहेर. पोरीला परत पाळण्यात ठेवलं, भुऱ्या खाली शिरला, धप धप. पोरगी गप.

सुंदराबाईंनी तोंडावर हात ठेवला. नंतर मला गॅलरीत ओढून नेलं. "तुमी मोठ्या आहा म्हनून सांगतो, आरतीबाई. साऱ्या कॉलनीत हसून राहिले लोक. कुत्र्याच्या भरवश्यावर पोट्टी! आमच्या टायमाले कुत्रं ओसरीवर चढलं तरी आमी काठी घेत होतो."

दोन दिवसांत कोणी माझ्या मनासारखं बोललं असेल तर ह्याच. मी त्यांना शंकरपाळे दिले.

आणि संध्याकाळी नितेशला सांगून टाकलं. "उद्या पावन्याइच्या समोर कुत्रं घरात दिसलं, तं मी नाव सांगत नाई. पाहून घे दुसरी आत्या."

"ताई, असं काहून करतं? गॅलरीत बांधतो न त्याले."

"गॅलरीतई नाई. घरात नाई. वलगावले नेऊन सोड, वावरात. डोमाजीकाका पाहतीन त्याले." डोमाजीकाका आमचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं करतात, त्यांच्याकडं दोन कुत्री आहेतच.

प्रणालीनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा घट्ट झाला होता. दुसरी आत्या कुठून आणणार? आयुष्यात एकदा तरी या घरानं मला आणि त्याला समोरासमोर ठेवून माझी बाजू घ्यावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी पापी-बिपी गेली खड्ड्यात.

सकाळी नितेशनं भुऱ्याला स्कुटीवर पायांत बसवलं आणि नेलं. त्याला वाटलं फिरायला चाललो, कान उडवत गेला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्याचं अंथरूण मी गुंडाळून जिन्याखाली टाकलं, दुपटं भिजत घातलं आणि पाळण्याखालची फरशी फिनाइलनं पुसली.

पोरगी अकरालाच कुरकुरायला लागली. बाया जमल्या तशी रडायला लागली. वरवंट्याला टोपरं घालून आम्ही तो पाळण्याच्या वरून खालून फिरवला, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. मग पोरीला फिरवायचं, तर ती धनुष्यासारखी ताठ. पाळण्यात ठेवली तशी तिनं मान वळवली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कोणाला वाटलं तिला उजेड लागतो. मला माहीत होतं ती कशाची वाट पाहते. मग तिनं जो सूर लावला तो लावलाच.

"आत्याबाई, चाला, चाला," बाया म्हणाल्या. मी वाकले. तिच्या कानाला तोंड लावलं आणि म्हटलं, "आकांक्षा." कुर्र केलं. पाठीवर धपाधप बुक्क्या बसल्या, बाया खिदळल्या. ज्या घडीसाठी मी सारं मांडलं होतं ती हीच, आणि मला माझाच आवाज ऐकू आला नाही. तिला काय ऐकू जाणार? ती जांभळी पडेस्तोवर रडत होती. माझ्या ओटीत साडी पडली, हळदीकुंकू लागलं. मान सगळा मिळाला.

पंगत बसली तरी रडणं थांबेना. प्रणालीनं पाजून पाहिलं, खांद्यावर घेऊन घरभर फिरून पाहिलं. कोणी दृष्ट काढली, कोणी ओवा शेकला. सुंदराबाई वरण वाढून घेत म्हणाल्या, "रोजची सवय मोडली तं लेकरू रडनारच व. कायले नेलं त्या मुक्या जीवाले?"

बाईंना कालचे शंकरपाळे पचले नव्हते अजून.

नितेशनं हात धुतले आणि किल्ली उचलली. मी दारात आडवी झाले. "कुठं?"

"भुऱ्याले आनतो, ताई."

"पंगत बसली आहे."

"पोरगी पाहून राहिली न तू?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, साऱ्या बायांसमोर. "मले आनाले तं कोनी आलं नाई! बहिनीले आनाले भाऊ मुऱ्हाळी जाते, मी धक्के खात एसटीनं आली. अन् कुत्र्याले मुऱ्हाळी चालला तू?"

नितेश लहान असताना मी सासरी निघाले की रिक्षामागं पळायचा. तो आता माझ्यापेक्षा वीतभर उंच, माझ्याकडं न पाहता बोलला. "ताई, तुले तुयं घर आहे. त्याले हेच एक घर आहे."

"मलेई हेच होतं," मी म्हटलं.

त्यानं पाहिलं माझ्याकडं. मग बाजूनं निघून गेला आणि खाली स्कुटी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी आतल्या खोलीत जाऊन पिशव्या भरायला घेतल्या. ओटीची साडी पलंगावरच ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाही राग येत होता. एका कुत्र्यापायी, वयाच्या पन्नाशीला! पण ते कुत्र्यापायी नव्हतं हे मला कळत होतं. त्या घरात त्याच्या नावाचं ताट आहे, कोपरा आहे, पाळण्याखाली जागा आहे. मी त्या घरात जन्मले, वाढले, आणि माझं तिथं एक हँगर नाही.

प्रणाली आली. रडती पोरगी तिनं सरळ माझ्या खांद्यावर टाकली, बाटली-बिटली काही नाही, आणि पलंगावर बसली.

"मी बोलावलं नाही म्हणून राग आहे न, ताई?"

मी पोरीची पाठ चोळत राहिले.

"आईंच्या तेरवीच्या दिवशी तुम्ही निघताना म्हटलं होतं, आता या घरात माझं काय उरलं. मी नवी होती. मी ते खरं धरलं. मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाही, तर आग्रह कशाला करा. दवाखान्यात रात्रभर वाटत होतं, कोणीतरी मोठं पाहिजे होतं जवळ. यांना मी म्हटलंही. हे म्हणाले, ताईला तिच्या घरचं असते."

"एक फोन कराचा होता."

"तुम्ही करायचा होता," ती फटकन म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. "तुम्ही त्याच्यावर जळता, ताई, मला दिसते. पण तो काय वेगळं करतो? बोलावल्याशिवाय येते अन् हाकललं तरी जात नाही. तुम्ही एकदा तसं करून पाहा न."

मला सून-भावजयीकडून असं ऐकायची सवय नाही. तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. पण खांद्यावर पोरगी हुंदके देत होती, आणि समोर तिची आई हुंदके देत होती, आणि त्या दोघींना सोडून एसटी स्टँडवर जाऊन बसायचं माझ्या जिवावर आलं.

खाली स्कुटी थांबली. जिन्यावर नखांचा आवाज आला आणि भुऱ्या वावरातली काळी माती पायांनी आणत, माझ्या पुसलेल्या फरशीवरून सरळ आत. माझ्याकडं पाहिलंही नाही. खांद्यावरच्या पोरीकडं पाहत गोल गोल फिरला. कपाटाच्या दारावर त्याची शेपटी आपटली, धप धप. पोरगी हुंदका देता देता थांबली आणि मान वळवून ऐकू लागली. मोठी माणसं आवाज ओळखून ऐकतात तशी.

माझा जळफळाट काही गेला नाही. उलट वाढला.

बाया पांगल्यावर प्रणाली म्हणाली, "ताई, आता सांगा नाव. मघाशी तिनं कुठं ऐकलं?"

पोरीला पाळण्यात ठेवलं. भुऱ्या आपल्या जागेवर जाऊन पडला होता. कानाशी तोंड न्यायचं तर मला नेमकं तिथंच बसायला हवं होतं. मी जवळ गेले तसा त्यानं डोकं उचललं आणि घशातल्या घशात गुरगुरला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. इतक्या वर्षांत नीट पहिल्यांदाच पाहिलं असेल. भीती नव्हती त्यात, राग पण नव्हता. ही बाई आली, आता माझं काय उरलं, एवढंच होतं. मला ते बरोबर ओळखू आलं.

"सरक," मी म्हटलं.

तो सरकला नाही. मग मी अंगावरच्या नव्या साडीचा विचार न करता त्याच्या मातकट अंगाला अंग घासत खाली बसले, आणि पोरीच्या कानात नाव सांगितलं. या वेळी हळू. तिनं डोळे मिचकावले.

नितेश दाराशी उभा होता. त्याच्या हातात माझ्या पिशव्या होत्या. "ताई, अकोल्याची गाडी... सोडून देऊ काय तुले स्टँडवर?"

भुऱ्यानं कान टवकारले. मीही मान वर केली.

"काहून?" मी म्हटलं. "मले कोनी हाकललं काय?"